माठातले चोवीस अंश

रविवार, १८ मे

एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. आमच्या फ्रिजच्या दारात अंड्यांसाठी खळगे आहेत. आमच्याकडे अंडी येत नाहीत, त्यामुळे त्यातल्या एका खळग्यात गेली कित्येक वर्षं एक अर्धं लिंबू राहत होतं. लिंबू अधूनमधून बदलत असणार, पण त्याचं अर्धेपण अखंड होतं. आज ऑफिसातून येतो तो खळगा रिकामा. माझ्याशी कसलाही विचारविनिमय न करता प्रेमाने ते कचऱ्यात टाकलं होतं. जाब विचारला तर म्हणाली, "अख्खा फ्रिज गेलाय, लिंबाचं काय घेऊन बसलात?"

फ्रिज खरोखरच गेला आहे. मेकॅनिक आला, वैद्याने नाडी पाहावी तसा मागच्या जाळीवर हात ठेवून उभा राहिला, "खलास" म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला. मग दूध, दही, कोथिंबीर, किसलेलं खोबरं, परवाची आमटी, त्याआधीची उसळ असं सगळं ओट्यावर मांडलं, तेव्हा कळलं की आम्ही दोन माणसं पाच माणसांचं शिळं सांभाळत होतो. शास्त्रात शिळ्या अन्नाला 'पर्युषित' म्हणतात. शब्द इतका भारदस्त आहे की फेकताना अपराधी वाटलं.

मंगळवार, २० मे

क्षितिजचा फोन. पुण्याच्या ज्या साप्ताहिकात मी बारा वर्षं 'मस्कतचं पत्र' लिहितो, त्याचा हा नवा संपादक. माझ्या निम्म्या वयाचा आहे, मला सर म्हणतो आणि माझी आवडती वाक्यं कापतो. गंमत म्हणून त्याला फ्रिजचं सांगितलं, तर तो एकदम सावध झाला. "सर, घेऊच नका नवा. शंभर दिवस फ्रिजविना, वाळवंटात! दर आठवड्याला लिहा." मस्कत हे वाळवंट नसून एका बाजूला डोंगर नि एका बाजूला समुद्र आहे, असं मी म्हटलं. मथळ्यापुरतं वाळवंट, असं तो म्हणाला.

खरं सांगायचं तर मला कल्पना भलतीच आवडली. दिवसा इथल्या रुवी भागातल्या एका कंपनीचा पत्रव्यवहार सांभाळायचा, 'आपले पत्र पावले' हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा इंग्रजीत लिहायचं, आणि घरी येऊन अपरिग्रहावर चिंतन करायचं. संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या माणसाला याहून योग्य व्रत कोणतं?

जेवताना प्रेमाला सांगितलं. ती इथल्या भारतीय शाळेच्या ग्रंथालयात काम करते. आता शाळेला सुट्टी लागेल, म्हणजे व्रत माझं आणि राबणूक तिची, हे माझ्या ध्यानात आलं. पण कल्पना आवडल्यानंतर आलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि माझं इन्सुलिन?"

नऊ वर्षं ती सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते. पुण्याहून येणाऱ्याबरोबर तीन महिन्यांची पेनं एकदम येतात. ती गार ठेवावी लागतात. त्यांच्याशिवाय तिचं चालणार नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला स्वच्छ शब्दांत सांगितलेलं आहे. व्रती झालो तरी मी मूर्ख नाही. वरच्या मजल्यावर सादिक राहतो. मूळचा हर्णैचा, मस्कतच्या मत्रा बाजारात जाळ्यांचा नि दोरखंडांचा धंदा, ओमानात सव्वीस वर्षं. त्याच्या बायकोने, वजीराने, पेनांचा डबा घेतला, आपल्या फ्रिजच्या दारात ठेवला आणि म्हणाली, "प्रेमाताई, हा तुमचा लॉकर."

प्रश्न सुटला.

शुक्रवार, ३० मे

आजचा दिवस सुवर्णाक्षरांत लिहिण्यासारखा आहे, पण पेन निळंच आहे.

ऑफिसच्या ड्रायव्हरचं गाव बहला. त्याने तिथल्या कुंभाराकडून दोन माठ आणून दिले, एक मोठा, एक लहान. लहान मोठ्यात बसवला, मधल्या फटीत ओली वाळू भरली, तोंडावर भिजवलेलं गोणपाट. गॅलरीत वाऱ्याला ठेवलं. तत्त्व साधं आहे: पाणी सुकतं आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जातं. आज डोंगरापलीकडचा कोरडा 'गर्बी' वारा सुटला होता. बाहेर चव्वेचाळीस अंश. धुतलेला रुमाल वाळत घालेपर्यंत वाळत होता. सादिकच्या मुलीचा, हिबाचा, थर्मामीटर आणला. ती इथे एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. चार तासांनी माठात थर्मामीटर सोडला.

चोवीस.

तीनदा पाहिलं. तिन्हीदा चोवीस. दर्शनशास्त्रात प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण मानतात. मला तर ते तीनदा मिळालं.

सादिकला अभिमानाने दाखवायला नेलं. तो माठाभोवती फिरला, म्हशीची किंमत करावी तसा. "आमच्या हर्णैला पन माठ होता. मे म्हैन्यात त्याच्या पान्याचा चहा लवकर व्हायचा, हा त्याचा फायदा." कोकणी माणसाच्या दारात विहीर असते, म्हणून तो माठाची निंदा करतो, असं मी त्याला सांगितलं. तो हसला.

लेख बसल्या बैठकीत लिहिला. मथळा: 'चोवीस अंश'.

गुरुवार, ५ जून

उद्या बकरी ईद. वजीराच्या फ्रिजात कुर्बानीच्या मटणासाठी जागा करणं चालू आहे. प्रेमा सकाळी पेन आणायला वर गेली, तर डबा दारातून आत, अगदी मागच्या थंड भिंतीला सरकवलेला. गोठलं तरी इन्सुलिन वाया जातं. वजीराला बिचारीला फार वाईट वाटलं. तिने लगेच दार रिकामं केलं आणि म्हणाली, मटन जाईल शेजारी, औषध कुठं जानार नाय.

मी म्हटलं, कशाला तिला सणासुदीचा त्रास? आपल्याकडे चोवीस अंश आहेत.

दैनंदिनीत खोटं लिहिण्यात हशील नाही. वजीराचा त्रास हे निमित्त होतं. गेल्या पत्रात मी लिहून बसलो होतो की आमच्या संसारात आता फ्रिज नाही. उपास करायचा आणि शेजारच्या घरी जेवून यायचं, असं ते मला टोचत होतं. जिन्यात हिबा भेटली तेव्हा विचारून घेतलं. "पंचवीसच्या आत असेल तर महिनाभर चालतं, काका," ती म्हणाली, "पण रोज बघायला लागेल." पंचवीसच्या आत! माझे चोवीस.

प्रेमाने विचारलं, "चोवीस नक्की?"

"तीनदा पाहिलं."

ती वर गेली आणि डबा घेऊन आली. आपल्या हाताने माठात, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवला, वरून गोणपाट सारखं केलं. उगाच दोन वेळा सारखं केलं.

गुरुवार, १२ जून

पंचविसावा... नव्हे, सव्विसावा दिवस. व्रतस्थ जीवन सुखाचं आहे. दूध तीनदा तापवायचं. भाजी रोजची रोज. ताक संध्याकाळच्या आत संपवायचं. उरलंच तर वर सादिककडे, नाहीतर खालच्या मांजरांना. घर हलकं झालं आहे. क्षितिज सांगतो की पत्रं येताहेत. सातारच्या एका निवृत्त शिक्षकांनी आपला फ्रिज चक्क पुस्तकांना दिला. माझ्या लेखनाने आजवर कोणी काही केल्याचं हे पहिलंच उदाहरण.

थर्मामीटर हिबाला परत केला. "दुसरा आणला असेल. रोज बघताय ना?" असं ती म्हणाली. एकदा सिद्ध झालेलं पुन्हा पुन्हा सिद्ध करत बसणं हा सिद्धांताचा अपमान आहे, हे मी तिला सांगितलं नाही. ती ड्यूटीवर निघाली होती.

मंगळवार, २४ जून

वारा बदलला. डोंगराकडून यायचा तो समुद्राकडून येऊ लागला आणि मस्कतचं न्हाणीघर झालं. गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ. शर्टाची इस्त्री पार्किंगपासून लिफ्टपर्यंत टिकत नाही. मीठ बरणीत दगड झालं, पापड डब्यातच माना टाकून बसले, टॉवेल सकाळचा संध्याकाळी ओलाच. या सगळ्यावर एक बरा, हसरा लेख होईल.

एक फायदाही आहे. माठावरच्या गोणपाटावर पूर्वी दिवसातून पाच वेळा पाणी शिंपावं लागे. आता सकाळी एकदा भिजवलं की रात्रीपर्यंत जसंच्या तसं ओलं. कष्ट वाचले.

प्रेमा रोज सकाळी बोटाला टोचून साखर मोजते आणि आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते. ग्रंथपालाची सवय. एरवी १२०, १३० असे शिस्तीत असतात. या आठवड्यात १६८, १७५, १९०. सुट्टीत चालणं होत नाही, त्याचा परिणाम. संध्याकाळी फिरायला जाऊ म्हटलं. या दमटात कोण फिरतं, असं म्हणाली. खरं आहे.

मंगळवार, १ जुलै

जेवताना प्रेमा म्हणाली, "माठातलं पाणी गार नाही लागत आताशा."

मी म्हटलं, पाणी तेच आहे, फ्रिजने बिघडवलेली जीभ अजून सुधारली नाही. वाक्य मलाच इतकं आवडलं की जेवण अर्धवट टाकून टिपून ठेवलं. या आठवड्याच्या पत्राची सुरुवात त्यानेच केली: 'आमच्या गृहलक्ष्मीची जीभ अजून कॉम्प्रेसरच्या आठवणीत आहे.'

जिभेची तक्रार असली तरी पाणी मात्र तीच जास्त पिते. जग भरून ठेवावा तो तासाभरात रिकामा. माठाच्या पाण्याची गोडी लागत चालली, कबूल करत नाही एवढंच.

शनिवार, ५ जुलै

क्षितिजने छापलेलं पान पाठवलं. प्रेमाला दाखवलं. तिने गृहलक्ष्मीचं वाक्य वाचलं, फोन परत दिला आणि म्हणाली, "छान आहे."

पूर्वी ती माझे लेख वाचून भांडायची.

रविवार, ६ जुलै

ताज्या खजुराचा हंगाम. अर्बाबने, म्हणजे आमच्या ओमानी मालकाने, आपल्या बागेतला खजूर ऑफिसात सगळ्यांना वाटला. मीही एक करंडी घरी आणली. आणली गुरुवारी आणि आज कॅलेंडर पाहतो तर २४०, २६२, २७१. कार्यकारणभाव इतका उघडा की शाळकरी पोरानेही अनुमान करावं.

मी गमतीनेच म्हटलं, घरात चोर शिरलाय, फक्त खजूर नेतो, दागिन्यांना हात लावत नाही.

"चार खाल्ले," ती म्हणाली. "परवा. चारच."

मी म्हटलं, आरोपी नेहमी कमीच कबूल करतो. करंडी कपाटाच्या माथ्यावर नेऊन ठेवली, जिथे तिचा हात पोचत नाही. ती ओट्याशी उभी राहून बघत होती. रागावली नाही. मला वाटलं होतं रागावेल, मग मी समजूत काढीन, मग दोघं मिळून एकेक खाऊ. तसं काही झालं नाही.

गुरुवार, १० जुलै

कॅलेंडरवर चार दिवस आकडे नाहीत. विचारलं. "मोजते मनात," म्हणाली.

व्रताचा एक अनपेक्षित लाभ: प्रेमा बारीक झाली आहे. आज पोळ्या लाटताना बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. रोज ताजं नि मोजकं खाण्याचं फळ. दहा वर्षं ज्याच्यासाठी डायटिशियन झाले, ते दोन माठांनी केलं. क्षितिजला हे कळवलं. तो म्हणाला, सर, याच्यावर स्वतंत्र लेख.

सोमवार, १४ जुलै

जिन्यात वजीरा भेटली. बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, प्रेमाताईंचा तोंड बरा दिसत नाय मना. काल वर आल्या, तर दोन जिन्यांत तीनदा बसल्या." उन्हाळा आहे, असं मी सांगितलं. "उन्हाळा आमाला पन हाय," म्हणाली.

घरी येऊन पाहिलं. प्रेमा पांघरूण घेऊन निजली होती. आमटीत मीठ नव्हतं. मी सांगितल्यावर तिने उठून मीठ घातलं, मग थोड्या वेळाने येऊन परत घातलं. डॉक्टरांकडे जाऊ या म्हटलं, तर नुसती मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. उद्याच जायला हवं. उद्या पत्र पाठवायचा दिवस आहे. परवा सकाळी नेतो.

मंगळवार, १५ जुलै

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे. हाताला काहीतरी काम हवं.

सकाळी अकराला ऑफिसात वजीराचा फोन. प्रेमा ओकते आहे, श्वास जोरजोरात चाललाय, बोलणं कळत नाही. सादिक मत्राहून दुकान तसंच उघडं टाकून आला आणि माझ्याआधी पोचला. मी थेट हॉस्पिटलच्या दारात त्यांना गाठलं. तिने मला ओळखलं. तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता, आणि क्षणभर, याच हाताने लिहितो आहे, माझ्या मनात खजूर आला.

पडद्यामागे त्यांनी रक्त तपासलं. नर्सने यंत्र टेबलावर ठेवलं, त्यावर २९ होते. एकोणतीस! मला इतकं हायसं वाटलं की मी सादिकचा हात धरला. तेवढ्यात हिबा आपल्या वॉर्डातून धावत आली, तिने आकडा पाहिला आणि तिचा चेहरा बदलला. इथल्या हॉस्पिटलात साखर वेगळ्या एककात मोजतात म्हणे. "आपल्या हिशेबात पाचशेच्या वर, काका."

प्रेमाला आत नेलं आहे. चार तास झाले. सादिक शेजारी बसून आहे. विनोद करत नाही.

बुधवार, १६ जुलै

अजून आतच आहे. सलाइन, तासातासाला रक्त. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणली, पण चोवीस तास काही सांगता येणार नाही.

हिबाने विचारलं, इन्सुलिन चुकलं होतं का? मी सांगितलं, एक दिवसही नाही, सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर घेते. मग ती म्हणाली, पेनं घेऊन या.

घरी गेलो. गॅलरीचं दार उघडल्यावर अंगावर वाफ आली. गोणपाट ओलंचिंब होतं, कालपासून कोणी पाणी न घालताही. माठात हात घातला. मी तिथे रोज हात घालत होतो, पाण्याची बाटली काढायला. आज पहिल्यांदा मला कळलं की आत आणि बाहेर काहीच फरक नाही.

हिबाने पेन उजेडात धरलं. आतलं औषध पाण्यासारखं नितळ असायला हवं. त्यात दुधाचा थेंब पडल्यासारखा ढग होता आणि बारीक तंतू तरंगत होते. दुसरं पेन तसंच. तिसरं तसंच. तिने माझ्याबरोबर घरी येऊन थर्मामीटर माठात सोडला. सदतीस.

"हवा कोरडी असली तरच पाणी सुकतं, काका. हवाच ओली असली तर माठ काय करणार? तुम्ही रोज बघत होतात ना?"

मी म्हटलं, नाही.

तिने डोळ्यांवरचा चष्मा नीट केला. पाणी सुकतं म्हणून माठ गार होतो, हे मी छापून वाचकांना शिकवलं होतं. मीठ ओलं झालं, पापड मऊ पडले, टॉवेल वाळेना, हेही मीच लिहिलं, आणि त्याचा विनोद केला. तीन आठवडे ती दिवसातून दोनदा सुई टोचून जवळजवळ पाणी घेत होती, आणि मी तिच्यापासून खजूर लपवत होतो.

शुक्रवार, १८ जुलै

धोका टळला. काल तिला वॉर्डात आणलं. आज सकाळी चहा मागितला, बिनसाखरेचा, आणि तो वाईट आहे असं म्हणाली. हे मला अभिषेकासारखं वाटलं.

तिच्यापाशी बसलेली वजीरा घरी गेल्यावर मी प्रेमाला सगळं सांगितलं. माठ, वारा, सदतीस, ढग. मी माफी मागण्याची पूर्वतयारी करून गेलो होतो. ऐन वेळी काही उपयोगी पडली नाही, नुसतं "चुकलं माझं" एवढं बोललो. तिने ऐकलं. मग छताकडे बघत म्हणाली,

"मला वाटलं मीच खातेय."

मला कळलं नाही.

"खजूर. तुम्ही म्हणालात, तेव्हापासून मी दिवसभर आठवत बसायची, आपण कधी काय तोंडात टाकलं. चारच खाल्ले होते. पण आकडे वाढायचेच. मग वाटलं, खात असेन, लक्षात राहत नसेल. तुम्ही एवढे वाचलेले. तुमचं अनुमान चुकेल कशाला? शेवटी मोजायचंच सोडून दिलं. भीती वाटायची."

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं होतं. पाणी गार लागत नाही म्हटलं होतं." ती माझ्याकडे बघून हसलीसुद्धा, दमलेलं. "ते छापून आलं."

सोमवार, २१ जुलै

प्रेमा घरी आली. सादिकने आम्ही येण्याआधीच स्वयंपाकघरात नवा फ्रिज आणून उभा केला होता. मी काही म्हणायच्या आत म्हणाला, "गजेंद्रराव, आज भाषण नको." माठ त्याने खाली नेऊन झाडाला पाणी घालायला दिले.

क्षितिजला फोन केला. व्रत मोडलं, का मोडलं, सांगितलं. तो खरोखर हादरला. वाईट मुलगा नाही. मग म्हणाला, सर, हाच लेख करा. 'एकोणसाठ दिवस'. लोक रडतील. मी म्हटलं, मी चार ओळींचा खुलासा पाठवतो, तो पहिल्या पानावर चौकटीत छाप. माठात औषध ठेवू नका. हवा दमट असेल तर माठ गार होत नाही. मी एकदाच मोजलं होतं. माझ्यामुळे माझ्या पत्नीच्या जिवावर बेतलं होतं. त्याने शेवटचं वाक्य कापू का असं विचारलं. या वेळी मी ऐकलं नाही.

शनिवार, २६ जुलै

पाच दिवस सगळं बरं चाललं आहे. हिबाने नवी पेनं आणून दिली. सकाळचे आकडे १४०, १३२, १२८. ते मी प्रेमाला विचारून कॅलेंडरवर लिहितो. ती सांगते.

मी दिवसातून सात-आठ वेळा विचारतो, कशी आहेस? ती म्हणते, बरी आहे. थकवा? नाही. तहान? नेहमीसारखी. पाय दुखतात? नाही हो. लगेच म्हणते, माझं बोलणं संपायच्या आत, हळू आवाजात, पाहुण्यांशी बोलावं तसं. काल वर वजीराकडे गेली होती. मी औषधाची वेळ झाली म्हणून बोलवायला गेलो, तर दारातूनच तिचा आवाज ऐकू आला. रात्री पायात गोळे येतात, डाव्या डोळ्यापुढे कधी कधी अंधूक होतं, असं ती वजीराला सांगत होती. बराच वेळ सांगत होती. मी जिन्यातच थांबलो. आत गेलो तशी ती उठली आणि म्हणाली, चला.

घरी आल्यावर मी विचारलं, डोळ्यांचं काय? म्हणाली, काही नाही, असंच.

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. साखर उतरली, तीही बरी होईल, असं सगळे म्हणतात. मला तिच्या साखरेची काळजी आहेच. पण रोज सकाळी उठताना जी भीती वाटते ती ही, की तिला काही होत असेल आणि ती मला सांगणार नाही.